मरीन प्लाय सडत नाही म्हणे!

छोट्या ट्रेलरवर कॅम्पर किंवा खाण्याची गाडी उभी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सगळीकडे फिरतोय : ‘मरीन प्लाय घ्या, चासीवर बोल्टने आवळा, खालून डांबर फासा, फटींत सिलिकॉन भरा. तळ जन्मात सडणार नाही.’ लोक यावर भरवसा ठेवून पैसे घालताहेत, म्हणून लिहितोय.

आधी प्लाय. मरीन प्लायचं भारतीय मानक म्हणजे आयएस ७१०. त्याच्या चाचणीत प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते बघतात. म्हणजे हमी मुख्यतः गोंदाची. लाकडाला बुरशीविरोधी औषध दिलेलं असतं खरं, पण लाकूड पाणी पितंच, आणि सगळ्यात जास्त कापलेल्या कडेतून.

बोल्टचं भोक हीसुद्धा कापलेली कडच, आणि खरा घात तिथेच होतो. जुना तळ उचलून बघा. मधली शीट ठणठणीत, पण बोल्टभोवती काळं वर्तुळ. तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचला की सरळ आत. म्हणून १० मिमीच्या बोल्टला आधी १४ मिमीचं भोक पाडा, खालून टेप लावून ते इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की कडक होणारं रसायन) भरा, कडक झालं की त्याच्या मधोमध १० मिमीचं भोक पाडा. मग बोल्टच्या कडेने पाणी उतरलं तरी लाकडाला लागत नाही. बाहेरच्या कडांनाही इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. पहिला हात पातळ, नीट मुरेल असा. काम किचकट आहे, पण चुकवू नका.

डांबराचं म्हणाल, तर चाकांचं पाणी उडतं, तेव्हा खालची बाजू झाकायलाच हवी. पण प्लाय बसवून झाल्यावर गाडीखाली झोपून डांबर फासलं, तर चासीच्या लोखंडी अँगलवर टेकलेली प्लायची पट्टी कोरीच राहते. रात्री लोखंड गार पडतं आणि दव नेमकं तिथे धरतं. शीट बसवण्याआधीच सगळ्या बाजूंनी रंगवा. शिवाय वरून पाणी झिरपत असेल, तर खालचं डांबर ते कोंडून ठेवतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं.

सिलिकॉन बाथरूमला ठीक. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या लोखंडाला गंज चढवतं, आणि सिलिकॉनवर रंगही धरत नाही. इथे पॉलियुरेथेन सीलंटच वापरा.

राहिलं ‘जन्मात’. हे सगळं करूनही दर पावसाळ्याआधी खाली वाकून कडा आणि बोल्ट टोचून बघावे लागतात. थोडासाच भाग मऊ लागला, तर तेवढा कोरून, पुरता वाळवून इपॉक्सी भरता येतं. पाऊस सुरू झाल्यावर लाकूड वाळत नाही.