डाव्या हाताचा मळ

"फोटो उलटा आलाय का रे?" मी विचारलं.

फोनवर जरा शांतता झाली. मग तो मुलगा म्हणाला, "नाही काका. गिटारच उलटी आहे."

त्याची कहाणी ऐकून मला भरून आलं. दोन वर्षांपूर्वी स्वस्तात दिसली म्हणून त्याने ती ऑनलाइन मागवली होती, आणि फोटो उलटा आलाय असं त्यालाही वाटलं होतं. खोकं उघडल्यावर उलगडा झाला. परत पाठवायची मुदत सेमिस्टरच्या परीक्षेत निघून गेली. मग ती आधी कपाटावर गेली, नंतर माळ्यावर गेली आणि तिथे पाण्याच्या टाकीशेजारी तिने चिंचवडचे दोन पावसाळे काढले. "लेफ्टी आहे ना, कोणी घेतच नाही," तो म्हणाला. "सहा हजार द्या. बरं, साडेपाच द्या." मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

मी डावखुरा आहे. शंभरात दहाएक माणसं अशी असतात म्हणे, पण आपल्या भाषेने त्या दहांचा विचार केलेला नाही. लग्न लावून दिलं की मुलगी उजवली. माणसाला टाळलं की डावललं. कोकणात देवाने कौल उजवा दिला तर काम होणार, डावा दिला तर राहिलं. ताटाला तेवढी डावी बाजू असते, आणि तिथे आम्हाला चटणी-लोणचं मिळतं. सोपं काम म्हणजे तर डाव्या हाताचा मळ. हे ज्याने रचलं तो नक्की उजवा असणार. त्याने आयुष्यात कधी डाव्या हाताने सोल्डरिंग केलं असतं, तर मळ नाही, फोड म्हणाला असता.

लहानपणी आजीने माझा जेवणाचा हात वळवला, लिहायचा मात्र तिला वळवता आला नाही. त्यामुळे मी जेवतो उजव्याने आणि हिशेब करतो डाव्याने. कॉलेजात गिटार शिकायची ठरवली, तर दुकानात डाव्या हाताची नव्हतीच. तेव्हा सगळे सांगायचे, तो अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स बघ. उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर गिटार उलटी करून, तारा बदलून वाजवायचा तो. खरंच वाजवायचा, 1969 साली वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात तशीच वाजवली. मीही उलटी केली. आता उजव्या गिटारची आवाजाची बटणं खालच्या बाजूला असतात. उलटी केली की ती वर येतात, नेमकी वाजवणाऱ्या हाताच्या कोपराखाली. गॅदरिंगला मी जोशात येऊन हात मारायला लागलो आणि माझ्याच कोपराने आवाज शून्यावर नेला. पुढची तीन मिनिटं मी मूकाभिनय करत होतो. हेंड्रिक्सचं कोपर वेगळं असावं.

म्हणून ही गिटार मी घेतली. साडेपाचलाच घेतली.

घरी आणून पिशवी उघडली तेव्हा बायको म्हणाली, "ही दुरुस्त करायची की दहावं घालायचं?" तारा गंजून जानव्यासारख्या मळकट झाल्या होत्या. पुढची पांढरी प्लास्टिकची पट्टी पिवळी पडली होती आणि तिच्यावर कवटीचं स्टिकर होतं. तीन बटणांपैकी एक गायब होतं आणि त्या दांड्यावर टूथपेस्टचं झाकण दाबून बसवलेलं होतं. त्यावर कोणीतरी मार्करने नीट 1 ते 10 आकडे काढले होते. पट्टीचे अकरा स्क्रू काढले तर आत एक वाळलेलं झुरळ, आइस्क्रीमची काडी आणि चिकटपट्टीने जोडलेल्या वायरी. त्या काडीचं तिथे काय काम होतं ते मला अजून कळलेलं नाही. मी ती काढल्यावर एक पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा चुंबकी भाग, आत पडला, त्यावरून अंदाज करता येतो.

ह्याच आठवड्यात मिरजेचे मामा आमच्याकडे आले. मामा म्हणजे बायकोचे सख्खे मामा. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं होतं, मुक्काम तीन आठवडे. मामांचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. स्वतः वाद्य करत नाहीत, पण गायला बसतात, आणि दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफली त्यांनी सहसा चुकवलेल्या नाहीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून मुलगा झाल्याच्या आवाजात बातमी दिली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि दुसऱ्या डोळ्यात न पिकलेला मोतीबिंदू अशा अवस्थेत ते हॉलमधल्या खाटेवर बसले, आणि माझं सगळं काम त्यांच्या कानांसमोर सुरू झालं.

"जावईबापू, उलटं धरलंय का ते?"

"नाही मामा, डाव्या हाताचंच आहे."

"असं असं." दहा मिनिटांनी पुन्हा, "उलटं वाटतंय पण."

पहिलं काम मानेचं. गिटारच्या मानेत लोखंडी कांब असते. सहा तारा मिळून 35-40 किलोची ओढ लावतात, त्यापायी मान धनुष्यासारखी वाकते. कांबेचा नट आवळून ती सरळ करायची. एका वेळी पाव आटा, जास्त नाही. मी पाव आटा फिरवायचो, तार सुरात आणायचो, वाकून एका डोळ्याने मानेच्या कडेवरून बघायचो आणि पुन्हा पाव आटा फिरवायचो. उत्साहाच्या भरात एकदा अर्धा फिरला आणि मान पलीकडे कलली. आता प्रत्येक स्वर पडद्याला घासून झणझणायला लागला. मी डोक्याला हात लावला.

खाटेवरून दाद आली. "वा! जवारी काय खुलली आहे!"

तंबोऱ्याच्या घोडीची जवारी काढणं हे मिरजेत पिढीजात कसब आहे. तार घोडीला अगदी नेमकी हलकीशी घासावी आणि स्वराभोवती ती झंकाराची प्रभावळ उमटावी, यासाठी कारागीर कानसेने घोडीचा माथा घासत बसतात. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती बारीक जुळवतात. मी तेच पाव आट्यात फुकट साधलं होतं, आणि आता ते घालवायच्या मागे लागलो होतो.

"काढू नका हो," मामा कळवळून म्हणाले. "हिच्यासाठी लोक रांग लावतात."

मी काढली. पुढे तासभर मामा माझ्याशी बोलले नाहीत.

नंतर वरची पट्टी निघाली, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्या खाचांतून जातात ती. माझी मधोमध तडकलेली होती. नवी मागवली ती उजव्या हाताची आली. तिच्यात जाड तारेची रुंद खाच जिथे होती तिथे माझी सगळ्यात बारीक तार येत होती. बारीक तार त्या खाचेत बापाचा शर्ट घातलेल्या पोरासारखी डगडगायची, आणि जाड तार बारीक खाचेच्या काठावर बसून राहायची. उलटी करून बसवावी तर तिचा माथा उतरता, तोही एकाच बाजूला. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "सगळे हीच नेतात, कोणाची तक्रार नाही."

इथे मामा मदतीला आले. त्यांनी मिरजेला फोन लावला. चौथ्या दिवशी कुरिअरने काडेपेटीत एक पांढरा तुकडा आला.

"हाड आहे," मामा म्हणाले. "उंटाचं."

आईने काडेपेटीकडे पाहिलं, मग ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो तुकडा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही, अशी अट पडली. बाल्कनीत बसून मी दोन रविवार उंटाचं हाड घासलं. हाड घासताना जो वास येतो तो दाताच्या डॉक्टरकडे येतो तोच. खाच पाडायची तर तिला ज्या जाडीची तार बसायची त्याच जाडीची कानस लागते. तसल्या कानशींचा संच गिटारपेक्षा महाग होता. मग जुन्या तारांनाच बारीक पॉलिशपेपर गुंडाळला आणि घासत बसलो. खाली पार्किंगमध्ये पांढरी भुकटी उडते अशी सोसायटीत तक्रार झाली. ती कशाची आहे हे मी कोणालाही सांगितलं नाही.

आता बटणं. डाव्या गिटारचं आवाजाचं बटण उलट्या दिशेने फिरलं पाहिजे. तुम्ही म्हणाल, मग दोन वायरींची अदलाबदल करा. मीही तेच म्हणालो होतो. बटणाखाली आत जो पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा भाग असतो, त्याचा आवाज कानाच्या हिशेबाने, आधी सावकाश आणि मग भरभर वाढतो. वायरी बदलल्या की तो हिशेब उलटा पडतो. शून्यावरून बटण केसभर हललं की सगळा आवाज एकदम बाहेर, आणि पुढचं फिरवणं नुसतं शोभेचं. ह्यावर उपाय म्हणून उलट्या चढाचा, सी प्रकारचा पॉट मिळतो. मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथे मागाल तो पार्ट मिळतो अशी ख्याती आहे.

"अडीचशे के, सी टेपर," मी म्हणालो.

"ए घ्या, बी घ्या. सी कोणी मागत नाही."

"मी मागतोय."

"कशासाठी पाहिजे?"

मी सांगितलं. त्याने पोऱ्याकडे पाहिलं, पोऱ्याने माझ्या हाताकडे पाहिलं. "मग उजव्या हाताने फिरवा ना साहेब," पोऱ्या म्हणाला.

चार दुकानं पालथी घालून मी बी घेतला. तो सरळ चढतो, त्याला निदान गनिमी कावा येत नाही. घरी आलो तर गिटारचं भोक 8 मिलिमीटरचं आणि पॉटचा गळा साडेनऊचा. भोक कानसून मोठं केलं तर नवं बटण दांड्यावर बसेना, कारण दांड्याला 24 दाते आणि बटणाला 18. शेवटी बसलं ते टूथपेस्टचं झाकण. त्याला दातेच नव्हते.

डाग द्यायचं काम बाल्कनीत, कारण मामांच्या डोळ्याला धूर चालत नव्हता. 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न डाव्या हातात, कथलाची तार उजव्या हातात, वायर दातात. पॉटच्या पाठीवर डाग देताना तो पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि कथील मण्यासारखं गोल होऊन घरंगळतं. चौथ्या मण्याने माझी लुंगी निवडली. हेंड्रिक्सनंतर माझा दुसरा आधार म्हणजे ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयॉमी. हाही डावखुरा. सतराव्या वर्षी कारखान्यात पत्र्याच्या मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तर पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, बोटांवर चढवली आणि वाजवत राहिला. त्याची आठवण काढून मी मांडीला बर्नॉल लावलं.

अखेर एका संध्याकाळी तारा चढवल्या, ॲम्पची पिन लावली. खोलीभर एक घुमारा पसरला. मी काहीही वाजवलेलं नव्हतं. पिकअप म्हणजे चुंबकावर हजारो वेढे घेतलेली तांब्याची केसाएवढी तार. तारांची थरथर जशी तिला कळते, तशी भिंतीतल्या विजेचीही कळते. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे खाते, तेवढीच ती गुणगुणते. गंमत म्हणजे देव्हाऱ्याकडे तोंड केलं की घुमारा कमी व्हायचा आणि फ्रिजकडे केलं की वाढायचा.

मामा खाटेवर ताठ बसले. "पांढरी पाच," ते म्हणाले, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी. "जराशी चढी आहे. पण काय स्थिर आहे!"

मी फोनवरचा ट्यूनर लावून पाहिलं. पांढरी पाच, काटा किंचित उजवीकडे.

"आता हलू नका," मामा म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी यमनचा षड्ज लावला.

पुढचे तीन दिवस संध्याकाळी सातला मी गिटार गळ्यात घालून फ्रिजकडे तोंड करून उभा असे. वाजवायची मनाई होती. तारांना हात लागला तरी घुमारा बदलतो, म्हणून मी हात मागे बांधत असे. बायको दूध काढायला आली की मी अर्धं पाऊल सरकायचो आणि आतून आवाज यायचा, "उतरला, उतरला!" आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची तरी साथ करत होतो, आणि कुठल्या हाताने करतोय हे कोणी विचारत नव्हतं.

पण नवे पिकअप आधीच मागवून झाले होते. घुमारा मारण्याची युक्ती गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने 1955 साली काढली. एकाऐवजी दोन गुंडाळ्या घ्यायच्या, एकीचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा. तारांचा आवाज दोघींत मिळून वाढतो, विजेची गुणगुण एकमेकींत कापली जाते. मी मागवलेल्यांत सहा वेगवेगळ्या खिळ्यांच्या जागी सलग पोलादी पट्टी होती. ह्या सगळ्या प्रवासात भेटलेली ही पहिली वस्तू, जिने डावं-उजवं केलं नाही. साडेसात हजार पडले. आई एवढंच म्हणाली, "चार आण्याची कोंबडी..." आणि पुढचं न बोलता आत गेली.

मामांच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात ते बसवले. पिन लावली. ॲम्प चालू आहे की नाही तेही कळेना, इतकी शांतता. मी एक स्वर छेडला. स्वच्छ, गोल, बिनजवारीचा. मला स्वतःचाच हेवा वाटला.

सात वाजता मामा येऊन बसले. "हं, लावा."

"लावलाय मामा."

"फ्रिजकडे तोंड करा."

केलं. मग खिडकीकडे केलं, मग गोल फिरलो. मामा मान तिरकी करून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "गेला की हो तो."

"नवे पिकअप घातले. साडेसात हजारांचे."

मामांनी हिरव्या पट्टीखालचा डोळा हलकेच टिपला. पाणी मोतीबिंदूचं असेल. मग जरा पुढे सरकून, बायको ऐकत नाही ना हे बघून, हळूच म्हणाले, "जावईबापू, जुने टाकून नाही ना दिले?"

मी बाल्कनीत जाऊन आयर्नची पिन लावली.