सौंदाळ्याचा ठराव, फ्रान्समधून पाहताना

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामसभेत ठराव केला : आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "फ्रान्समध्ये तर सगळेच शिव्या देतात, तिथं कुणाला काही वाटत नाही." इथं राहणारी म्हणून सांगते, हे अर्धंच खरं आहे.

खरं अर्धं असं. मेट्रो चुकली, कॉफी सांडली की सुशिक्षित, सभ्य माणसाच्याही तोंडून 'प्यूतँ' निघतं. मूळ अर्थ वेश्या, पण त्या क्षणी राग कॉफीवर असतो. 'मेर्द' म्हणजे विष्ठा. नाटकवाले प्रयोगाआधी शुभेच्छा म्हणून हाच शब्द एकमेकांना देतात. पोरं जवळ असली की काही आया 'मेर'पर्यंत आलेला शब्द वळवून 'मेर्क्रदी', म्हणजे बुधवार, करून टाकतात.

हेच शब्द माणसाच्या अंगावर गेले की मात्र चित्र पालटतं. २००८ मध्ये पॅरिसच्या कृषी प्रदर्शनात हात मिळवायला नकार देणाऱ्या माणसाला राष्ट्राध्यक्ष सार्कोझी शिवी हासडून 'चालता हो' म्हणाले, तेव्हा देशभर गदारोळ झाला. खाजगीत कुणाचा अपमान केला तरी कायद्याने ३८ युरोपर्यंत दंड होऊ शकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नीस-मार्सेय फुटबॉल सामना पंचांनी काही मिनिटं थांबवला, कारण प्रेक्षकांतून समलिंगी लोकांना हिणवणाऱ्या घोषणा आणि फलक येत होते.

आपल्याकडे भांडण दोन पुरुषांचं आणि उद्धार होतो तो घरी भाकरी थापत बसलेल्या बाईचा. तिचा त्या बांधाच्या वादाशी काय संबंध? म्हणून मी सौंदाळ्याच्या बाजूची आहे. फ्रेंच मोकळेपणाचा दाखला देऊन या ठरावाला हसणाऱ्यांचा मला राग येतो.

काळजी एकच वाटते. सार्कोझींचेच शब्द फलकावर लिहून त्यांच्यासमोर धरणाऱ्या एका नागरिकाला ३० युरोचा स्थगित दंड, म्हणजे पुन्हा गुन्हा केला तरच भरायचा दंड, झाला होता. २०१३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तो चुकीचा ठरवला, आणि त्याच वर्षी फ्रान्सने राष्ट्राध्यक्षांच्या अपमानाचा वेगळा गुन्हाच रद्द केला. तेव्हा पाणी आलं नाही म्हणून ग्रामसभेत कुणी कारभाऱ्यांना तोंडावर नालायक म्हटलं, तर त्याला हे ५०० रुपये लागू नयेत, एवढं सौंदाळ्याने ठरावात लिहून ठेवावं.