अपडेट बंद करू नका, हे मी परत का म्हणतेय

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी ती पाहिली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: मागच्या पोस्टमधे मी लिहिलं होतं की ब्राउझर अपडेट झाल्यावर सगळं बदललं तरी अपडेट बंद करू नका, त्यावर तुमचं म्हणणं असं की हा सल्ला कंपन्यांच्या बाजूचा आहे, बदल ते करणार आणि सवय आम्ही लावून घ्यायची, वडिलांचं वय सत्तरच्या पुढे, दर महिन्याला त्यांना नवीन काय शिकवायचं, म्हणून तुम्ही त्यांच्या कॉम्प्युटरवर अपडेट कायमचं बंद करून टाकलंत आणि "अजून तरी काही झालेलं नाही".

तुमचा राग बरोबर आहे, आणि तो मला पटतो हे आधी सांगते. माझी मावशी लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, पेन्शनचं स्टेटमेंट सगळं स्वतः बघते. तिच्या वहीत लिहिलेलं असतं, "वरच्या पट्टीत डावीकडून तिसरं, निळं चित्र = लाइट बिल". एका अपडेटनंतर ती बुकमार्क्सची पट्टीच दिसेनाशी झाली आणि तिने फोन केला की माझं लाइट बिल गेलं. गेलं काहीच नव्हतं, कंट्रोल शिफ्ट बी दाबलं की पट्टी परत आली, पण तोपर्यंत तिने दोन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, आपल्याच हातून काही बिघडलं असं तिला वाटत होतं. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो, की बदल करणारा कोणीतरी तिकडे आणि अपराधी वाटून घेणार ही. तेव्हा "सवय होईल" असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

बदल सगळे सारखे नसतात पण, आणि तिथेच आपलं मत वेगळं होतं.

२०१६ मधे क्रोमने बॅकस्पेस दाबून मागच्या पानावर जायची सोय काढली. तेव्हाही बोंब झाली, पण त्याला कारण होतं, लोक लांबलचक फॉर्म भरताना कर्सर रकान्याच्या बाहेर असताना बॅकस्पेस दाबायचे आणि भरलेलं सगळं उडायचं. परीक्षेचा फॉर्म भरताना ज्याचं असं झालंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय ज्यांना जुनी सवय हवी होती त्यांच्यासाठी गूगलने स्वतःच एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, दिलं. बदल करायचा तर असा करा, मला मान्य आहे.

उलट जून २०२१ मधलं फायरफॉक्स ८९ बघा. टॅबच्या मधल्या रेघा गेल्या, चालू टॅब एखाद्या सुट्या बटणासारखा तरंगायला लागला, बाकीचे टॅब नुसती अक्षरं, कुठला कुठे संपतो ते मोतीबिंदू असलेल्या माणसाला कसं कळणार? वरची पट्टीही जाड झाली. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर उभी जागा मुळात कमी, त्यात पट्टी बारीक करणारा कॉम्पॅक्ट नावाचा जो पर्याय होता तो मेनूतून काढला कारण तो फारसा कोणी वापरत नसेल असा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा अंदाज. लोक भांडले म्हणून तो पूर्ण न काढता लपवून ठेवला. नवं रूप बंद करायची सेटिंगही सुरुवातीला होती, पुढच्या काही आवृत्त्यांत तीही काढली. क्रोमने २०२३ च्या शेवटी गोलगोल रूप आणलं तेव्हाही तसंच, आधी फ्लॅग्जमधे, म्हणजे क्रोमच्या आतल्या प्रयोगांच्या सेटिंग्जमधे, जाऊन बंद करता यायचं, नंतर तो फ्लॅगच गायब. याला मी कुठल्याही तोंडाने चांगलं म्हणणार नाही.

आणि नोव्हेंबर २०१७, फायरफॉक्स ५७. जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन, म्हणजे वर म्हटलं तसे जोडायचे छोटे प्रोग्रॅम, एका फटक्यात बंद. क्लासिक थीम रिस्टोअरर नावाचं ॲड-ऑन तर लोकांनी २०१४ मधे फायरफॉक्सचं रूप बदललं त्यातून सुटका म्हणून लावलेलं, तेही गेलं. फाइली भराभर डाउनलोड करणारं डाउनदेमऑल गेलं, ते २०१९ मधे नव्याने लिहून आलं पण आधीच्या सगळ्या सोयी त्यात नव्हत्या. जुनी ॲड-ऑन ब्राउझरच्या पार आतपर्यंत हात घालत होती, त्यामुळे ती तशीच ठेवली असती तर फायरफॉक्सला वेग आणि सुरक्षितता दोन्ही अवघड होतं, हे तांत्रिक कारण मला पटतं. तरी ज्याचं रोजचं काम त्यावर चालायचं त्याचं नुकसान खरंच झालं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता तुमच्या "अजून तरी काही झालेलं नाही" कडे येते, कारण मला काळजी त्याचीच आहे.

सप्टेंबर २०२३ मधे वेबपी नावाच्या फोटोच्या प्रकारात सुरक्षेचं एक भोक सापडलं. वेबपी चित्र उघडायचा कोड बहुतेक सगळे ब्राउझर एकाच ठिकाणाहून घेतात, त्यामुळे क्रोम काय, फायरफॉक्स काय, सगळेच उघडे. मुद्दाम बनवलेलं चित्र पानावर नुसतं दिसलं तरी पुरे, कशावर क्लिक करायची गरज नाही. आणि ते भोक सापडलं तेव्हा आधीच कोणीतरी वापरत होतं. ११ सप्टेंबरला क्रोमने दुरुस्ती दिली, १२ ला फायरफॉक्सने. वडिलांच्या कॉम्प्युटरवर त्याआधीची आवृत्ती गोठवलेली असेल तर ते भोक आजही तसंच आहे, आणि त्यानंतर सापडलेली सगळीच. असं काही झालं की ते दिसत नाही हो, टॅबचा आकार बदलला की दिसतो, म्हणून आपल्याला त्रास फक्त अपडेटचाच वाटतो.

कंपन्या दुरुस्ती आणि नवा रंग एकाच पुडीत बांधून देतात, ही माझी मूळ तक्रार आहे. आणि ती पुडी सोडवून घ्यायची सोय आहे, म्हणून मागची पोस्ट लिहिली होती, कदाचित ते नीट पोचलं नाही, तर इथे सविस्तर लिहिते.

वडिलांसाठी फायरफॉक्स ईएसआर (एक्स्टेंडेड सपोर्ट रिलीज) घाला. मोठ्या ऑफिसांसाठी काढलेली आवृत्ती आहे पण घरी कोणीही फुकट वापरू शकतं, मोझिलाच्याच साइटवर मिळते. यात सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीच्या फायरफॉक्सबरोबरच येतात, पण दिसण्यातले आणि वापरण्यातले बदल साधारण वर्षातून एकदा. आवृत्ती ११५ जुलै २०२३ मधे, १२८ जुलै २०२४ मधे, १४० जून २०२५ मधे. वरच्या त्या वेबपीचंच बघा, १२ तारखेलाच ईएसआरला ११५.२.१ म्हणून दुरुस्ती आली आणि स्क्रीनवर काहीही हललं नाही. वर्षातून एकदा नवी आली तरी जुनीला काही आठवडे मुदत असते, तेवढ्यात एखाद्या रविवारी तुम्ही शेजारी बसून दाखवू शकता. दर महिन्याला फोनवरून समजावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

घालताना एक सांभाळा. फायरफॉक्स ६७ पासून नवीन आवृत्तीची प्रोफाइल (बुकमार्क्स, पासवर्ड, सेटिंग्ज यांचं फोल्डर) जुन्या आवृत्तीत सरळ उघडत नाही, आणि वेगळ्या फोल्डरमधे घातलेलं फायरफॉक्स स्वतःची कोरी प्रोफाइल बनवतं, मग वडिलांना वाटणार सगळं पुसलं गेलं. म्हणून आधी बुकमार्क्स फाइलमधे एक्सपोर्ट करून घ्या, पासवर्डसुद्धा, मग नव्यात इम्पोर्ट करा, आणि पासवर्डची ती फाइल काम झाल्यावर डिलीट करा, त्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं.

पट्टी जाड वाटत असेल तर ॲड्रेस बारमधे इंग्रजीत अबाउट, कोलन, कॉन्फिग टाइप करा, वॉर्निंग येईल ती मान्य करून शोधायच्या जागी इंग्रजीतच, जोडून, कॉम्पॅक्टमोड टाका, जी ओळ येईल ती ट्रू करा. मग वरच्या पट्टीवर राइट क्लिक, कस्टमाइज टूलबार, खाली डेन्सिटीमधे कॉम्पॅक्ट दिसेल, त्याच्यापुढे सपोर्ट नाही असं लिहिलेलं असतं तरी चालतं. यूजरक्रोम फाइल लिहून टॅबचा चेहराच बदलायचे उपाय नेटवर ढिगाने मिळतील, ते स्वतःच्या मशीनवर करा, वडिलांच्या नको, पुढच्या मोठ्या आवृत्तीत ते मोडतं आणि निस्तरायला तुम्हालाच जावं लागतं.

क्रोमच हवं असेल तर घरच्या माणसाला असा पर्याय नाहीये. आठ आठवड्यांनी बदलणारा एक चॅनल आहे पण तो कंपन्यांसाठी.

आणि तक्रार करून काय उपयोग, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. फायरफॉक्समधे टॅबचे गट करायची सोय होती, मार्च २०१६ मधे काढली, कारण वापरणारे कमी. लोक ती वर्षानुवर्षं मागत राहिले, मोझिला कनेक्ट या मोझिलाच्या सूचनांच्या साइटवर मतं देत राहिले, आणि २०२५ मधे टॅब ग्रुप परत आले, उभे टॅबसुद्धा त्याच वर्षी. फार उशीर झाला हे खरंच, पण मागणाऱ्यांमुळेच झालं ना. टॅबच्या रेघांबद्दल तुम्ही मला जे इतक्या पोटतिडकीने लिहिलंत ते तिथेही लिहा, वडिलांना नेमकं काय दिसत नाही ते स्क्रीनशॉटसकट. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, किंवा मला मराठीत पाठवा, मी करून देते.

वडिलांच्या कॉम्प्युटरवर विंडोज कुठलं आहे तेवढं इथे कळवा. दहा किंवा अकरा असेल तर वर लिहिलंय तसंच करा. सात किंवा आठ असेल तर ईएसआरमधलं ११५च चालेल, त्यापुढचं त्यावर बसत नाही, आणि त्या जुन्या विंडोजसाठी मोझिलाने ११५ ची मुदत अनेकदा वाढवली असली तरी ती कायमची नाही, तेव्हा मग ब्राउझरच्या आधी आपल्याला मशीनचंच बघावं लागेल.