सगळ्यांना एकच माप कसं लावणार?
लढाईवर जायला नकार देणाऱ्या सैनिकाला कठोरातली कठोर शिक्षा, अगदी मृत्युदंडही हवा, नाहीतर शिस्त मोडते, असं या विषयावरच्या एका लेखाचे लेखक म्हणतात. शिस्तीचं मान्य. पण शिक्षेत सारखेपणा कधी होता? दुसऱ्या महायुद्धात फौज सोडून पळाल्याबद्दल अमेरिकेने ४९ सैनिकांना मृत्युदंड सुनावला. प्रत्यक्षात गोळ्या घातल्या त्या एकट्या एडी स्लोविकला, ३१ जानेवारी १९४५ रोजी. बाकीच्यांची शिक्षा कमी झाली. याला वचक म्हणायचं की बळीचा बकरा?

उलट २००६ मध्ये अमेरिकेच्याच लेफ्टनंट एरेन वाटाडाने इराकला जायला उघडपणे नकार दिला. हे युद्धच बेकायदा आहे, हवं तर मला अफगाणिस्तानात पाठवा, असं तो म्हणत होता. (आता याला भित्रा कसं म्हणणार?) त्याचं कोर्ट मार्शल (लष्करी खटला) २००७ मध्ये अर्ध्यावर रद्द झालं. एकाच आरोपासाठी दोनदा खटला नको म्हणून न्यायालयाने दुसरं कोर्ट मार्शल अडवलं आणि २००९ मध्ये लष्कराने त्याला सेवेतून कमी केलं. तुरुंगवास नाही.

आणि ब्रिटन? पहिल्या महायुद्धात स्वतःच गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना २००६ मध्ये माफी! खंदकातल्या तोफमाऱ्याने मन कोलमडलेले कितीतरी त्यात होते. मृत्युदंडाची भलामण करताना लेखकाने याबद्दल दोन ओळी तरी लिहायच्या.