साहित्य : काही नाही

गाडी लेट आहे, मोबाइल मान टाकून पडलाय, पोरगं कंटाळलंय, अशा वेळी काय खेळावं याच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. प्रत्येक खेळाच्या डोक्यावर ठळक लिहिलेलं असतं, ‘साहित्य : काही नाही’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘खेळाडू : दोन’. सगळी गोम त्या बारीक अक्षरात. दोनातली एक मी. दुसरा कुठून आणायचा? एखाद्या कमावत्या, शुद्धीवरच्या माणसाला “चल, फुलीगोळा खेळू” असं म्हणून बघा. उसने पैसे मागितल्यासारखा तो इकडेतिकडे बघायला लागतो.

आणि मिळालाच भिडू, तर खरा ताप पुढेच. दहाजणांच्या खेळात माणूस लिंबूटिंबू म्हणून खपून जातो. दोघांत तशी सोय नाही. एक जिंकला की दुसरा हरलेलाच असतो, आणि तो गुडघ्याला गुडघा लावून समोर बसलेला असतो.

मध्यंतरी फलाटावर अडकलो तेव्हा माझ्याकडे असे तीन भिडू होते: आठ वर्षांचा भाचा, नवरा आणि सासूबाई. गाडी कधी येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना तर अजिबातच नव्हतं.

भाच्यापासून सुरुवात केली. फुलीगोळ्याचा डाव सुरुवातीपासून शेवटापर्यंत २,५५,१६८ तऱ्हांनी खेळता येतो. आकडा भारदस्त आहे, पण दोघंही जागे असतील तर निकाल एकच, बरोबरी. भाच्याला बरोबरी चालत नाही. हरणं तर नाहीच नाही. जिंकणं चालतं, पण मी मुद्दाम हरले असा वास आला की रडारड. म्हणजे मी कपाळाला आठ्या घालायच्या, पेन्सिल चावायची, आणि गोळ्याचं घर लख्ख दिसत असताना शेजारच्या घरात अगदी विचारपूर्वक माती खायची. जिंकायला एवढी अक्कल लागत नाही.

डोनाल्ड मिकी नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ साली ३०४ काडेपेट्यांना फुलीगोळा शिकवला होता. पटावरच्या एकेका स्थितीला एकेक पेटी, आत रंगीत मणी, एकेक रंग म्हणजे एकेक घर. पेटी हलवायची, जो मणी येईल ती खेळी. डाव हरला की ते मणी काढून घ्यायचे, जिंकला की त्याच रंगाचे आणखी टाकायचे. खेळता खेळता पेट्या शहाण्या झाल्या. आमचा भाचाही हरल्यावर शिकतो, फक्त तो मणी काढत नाही, नियम घालतो. “तिरकी ओळ धरायची नाही, मावशी. आमच्यात नाही धरत.”

मग दगड-कागद-कात्री. याला खरोखरच काही लागत नाही, हात सोडून. पण “एक-दोन-तीन” म्हटल्यावर हात तीनला काढायचा की तीननंतर, यावर आमची निम्मी दुपार गेली. टोकियो विद्यापीठात २०१२ साली एक यंत्रहात तयार झाला. तो समोरच्याचा हात एका मिलिसेकंदात ओळखतो आणि त्यावर मात करणारा आकार काढतो, त्यामुळे कधीच हरत नाही. भाच्याची पद्धत तीच, वेग मात्र नुसत्या डोळ्यांना दिसणारा. माझी कात्री पूर्ण उघडते, तो ती नीट बघून घेतो, मग त्याची मूठ सावकाश वर येते. उशीर झाला म्हटलं की “टाइमप्लीज!”

रोमन लोक बोटांचा एक खेळ खेळायचे. दोघांनी एकदम बोटं दाखवायची आणि एकूण किती ते ओळखायचं. माणूस भरवशाचा असला की ते म्हणत, याच्याशी अंधारातही बोटं खेळावीत. रोमन वक्ता सिसेरोने ही म्हण इ. स. पू. ४४ मध्ये लिहून ठेवली, आणि तेव्हाच ती जुनी झालेली होती. आमच्या भाचेरावांशी भर उन्हातही खेळू नये.

नवऱ्याचं तंत्र वेगळं. त्याला एकवीसचा खेळ आवडतो. एकापासून ओळीने, आळीपाळीने आकडे म्हणायचे, एका वेळी एक, दोन किंवा तीन आकडे, आणि ज्याच्या तोंडी एकवीस येईल तो हरला. दरवेळी तो हसून म्हणतो, “तू आधी.” दारातून आत शिरताना हे सौजन्य त्याला आजवर सुचलेलं नाही. मी एक आकडा म्हटला तर तो तीन म्हणणार, मी दोन म्हटले तर तो दोन. चार, आठ, बारा, सोळा असे त्याचे मुक्काम ठरलेले, आणि विसावर येऊन बसला की माझ्यासाठी एकवीस उरलेलाच असतो. दुसरा खेळणारा चुकला नाही तर पहिल्याला सुटका नाही. हे मला खूप नंतर कळलं. तोवर मी त्याला अतिशय सज्जन समजत होते.

हा गुण आला कुठून, ते सासूबाईंबरोबर ठिपक्यांचे चौकोन खेळताना समजलं. एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८८९ साली हा खेळ छापला, तो बहुधा आमच्या सासूबाईंसाठीच. कागदावर ठिपके मांडायचे, आळीपाळीने एकेक रेघ ओढायची, चौथी बाजू ज्याची त्याचा चौकोन, आणि चौकोन मिळाला की आणखी एक रेघ. सुरुवातीला दोघंही जपून, कारण तिसरी बाजू कुणालाच ओढायची नसते. शेवटी ती मलाच ओढावी लागली. सासूबाईंनी चष्मा वर सरकवला आणि रांगेतले चौकोन एकामागून एक घेत गेल्या, प्रत्येकात आपलं आद्याक्षर वळणदार काढत. शेवटचे दोन उरले तेव्हा थांबल्या. पार पलीकडच्या टोकाला एक रेघ मारून म्हणाल्या, “ते दोन तू घे गं. सगळं मीच कशाला?”

मला भरून आलं. मी मधली रेघ मारली, दोन्ही चौकोन घेतले, आणि नियमाप्रमाणे पुढची रेघ माझ्यावर आली. कागदावर आता एकच लांबलचक रांग उरली होती. मी जिथे रेघ मारीन तिथून ती सबंध त्यांची. दोन देऊन नऊ घेतले बाईंनी. घरातल्या बऱ्याच जुन्या वाटाघाटींचा अर्थ मला त्या फलाटावर लागला.

पुढच्या डावाला मी भाच्याला पुढे केलं. तिसऱ्याच रेघेला त्याने जाहीर केलं की चौकोनात तिरकी रेघ चालते. फुलीगोळ्यात न चालणारी तिरकी इथे चालत होती. सासूबाई म्हणाल्या, हा रडीचा डाव आहे. मग दोघंही माझ्याकडे वळली.

“मावशी, तू सांग!”

“सांग गं तूच.”

हा पंच नावाचा तिसरा माणूस कुठल्याच यादीत लिहिलेला नसतो. मी नवऱ्याकडे बघितलं. तो गाड्यांचा बंद पडलेला फलक मन लावून वाचत होता. म्हटलं, टॉस करा. चौघांचे खिसे, दोन पर्स आणि एक दप्तर उलटं केलं, नाणं म्हणून निघालं नाही. आमचा सगळा पैसा त्या मेलेल्या मोबाइलांत.

“मग दगड-कागद-कात्रीवर ठरवा,” मी म्हटलं.

२००५ साली क्रिस्टीज आणि सदबीज या लिलाववाल्यांनी एका जपानी कंपनीचा दोन कोटी डॉलरहून महाग चित्रसंग्रह कुणी विकायचा, हे असंच ठरवलं होतं. क्रिस्टीजने एका अधिकाऱ्याच्या ११ वर्षांच्या जुळ्या मुलींचा सल्ला घेऊन कात्री काढली, सदबीजने कागद. कागद हरला, विषय संपला. तिथे कुणी टाइमप्लीज म्हणालं नाही.

सासूबाईंनी पदर खोचला, हात पाठीमागे नेला आणि भाच्याला दरडावून विचारलं, “आधी सांग. तीनला, की तीननंतर?”