महावीर सिंह उपासमारीने गेले नाहीत

‘सेल्युलर जेलमधले कैदी निमूट राहिले. प्रत्येकाला स्वतंत्र खोली होती. तिघे उपोषणाच्या हट्टापायी मेले, इंग्रज डॉक्टर तर दूध पाजून त्यांना वाचवत होते. शेवटी सरकारनेच दया दाखवून सगळ्यांना परत पाठवलं.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी सोडून देत होतो, पण भाचीने शाळेतल्या भाषणासाठी तो जसाच्या तसा वहीत उतरवून घेतला. आता मात्र गप्प बसवत नाही.

निमूट? 1912 मध्ये इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला, उल्हासकर दत्त यांचा मानसिक तोल ढळला, नोनीगोपाल मुखर्जींनी अन्न सोडलं. कैद्यांच्या संपांबद्दल सावरकरांनीच सविस्तर लिहिलंय. निदान मराठी माणसाने तरी असले मेसेज पुढे ढकलू नयेत.

आता ते दूध. 12 मे 1933 ला उपोषण सुरू झालं. मागण्या काय, तर कोठडीत दिवा, खाण्याजोगं अन्न, साबण, वाचायला पुस्तकं. लाहोर कटातले महावीर सिंह 17 मेला गेले. पाच दिवसांत! धडधाकट माणूस पाच दिवसांत भुकेने मरतो? त्यांचेच साथी जतीन दास 1929 मध्ये लाहोरच्या तुरुंगात 63 दिवस झुंजले होते. महावीर सिंहांना दाबून धरून नाकातून नळी घातली, ती श्वासनलिकेत गेली आणि दूध फुप्फुसात उतरलं. प्रेतसुद्धा घरच्यांना दिलं नाही, समुद्रात टाकलं. मोहनकिशोर नमोदास आणि मोहित मैत्र यांनाही अशाच बळजबरीनंतर न्यूमोनिया झाला, मे संपायच्या आत दोघेही गेले. अंदमानात स्वतः कैद भोगलेल्या विजयकुमार सिन्हा यांनी 1939 मध्येच तिथल्या आठवणी छापल्यात. मेसेज लिहिणाऱ्याने त्या उघडूनही पाहिलेल्या दिसत नाहीत. याला वाचवणं म्हणायचं?

स्वतंत्र खोली होती, हे खरं. साडेतेरा फूट बाय साडेसात, वर उंचावर एक झरोका. सात इमारती अशा बांधल्या होत्या की एकीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ यायची. कैद्याला दुसऱ्याचं तोंड दिसू नये, म्हणून ती खोली स्वतंत्र.

आणि दया? 1933 चं उपोषण 46 दिवस चाललं, तेव्हा कुठे दिवे आणि पुस्तकं मिळाली. 24 जुलै 1937 ला मायभूमीवर परत पाठवा म्हणून पुन्हा मोठं उपोषण झालं, देशभर निदर्शनं झाली. त्यानंतरच सप्टेंबरपासून राजकीय कैद्यांना परत आणायला सुरुवात झाली आणि जानेवारी 1938 पर्यंत ते सगळे परतले.