रझांची निसर्गचित्रे ही केवळ ‘बिंदू’ची पूर्वतयारी नव्हे

चित्रकार सय्यद हैदर रझा यांची 1950 आणि 1960 च्या दशकांतील फ्रेंच निसर्गचित्रे म्हणजे पुढे त्यांच्या चित्रांत येणाऱ्या ‘बिंदू’ची, म्हणजे काळ्या वर्तुळाच्या प्रतीकाची, पूर्वतयारी होती, हे रझांवरील लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. 1951 च्या सुमारास काढलेल्या ‘ओ द कान्य’ या चित्रामध्ये घरांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या स्पष्ट आहेत, परंतु 1958 च्या ‘व्हिलेज विथ चर्च’पर्यंत येताना त्यांनी ती कडा जवळजवळ सोडून दिली आणि घर, रस्ता, आकाश यांचा भार दाट तैलरंगाच्या थरांवर टाकला. हा बदल स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा आहे, आणि लेखात त्यासाठी एकच ओळ खर्ची पडावी याचे वाईट वाटते.

त्या काळातील त्यांचे एक तैलचित्र मी मुंबईतील प्रदर्शनात अगदी जवळून पाहिले. छापील पुस्तकात सपाट दिसणारा काळा रंग प्रत्यक्षात खरवडलेला होता, त्याखालून तांबडा डोकावत होता, आणि कुंचल्याचा फटकारा जिथे थांबला तिथे रंगाची कड उंचावून तिची सावली पडत होती. 1962 मध्ये अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठात अध्यापनासाठी गेल्यानंतर अमेरिकी अमूर्त चित्रकला त्यांनी जवळून पाहिली आणि पुढे ते ॲक्रिलिककडे वळले. लवकर सुकणाऱ्या त्या माध्यमामुळे हाताचा वेग बदलला, याचा उल्लेख तरी लेखात हवा होता. मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्याच्या जंगलात गेलेले त्यांचे बालपण लेखकाने ‘बिंदू’च्या संदर्भात मांडले आहे, परंतु मला ते या काळोख्या, मध्येच पेटून उठणाऱ्या निसर्गचित्रांत अधिक जाणवते.